आबांच्या खांद्यावरचा घट्टा आणि कॉम्प्युटरमधला माणूस : एका मॉडेलची गोष्ट

स्क्रीनवर आबांचं शरीर गोल गोल फिरवून दाखवत होतो तेव्हा त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली, जवळ येऊन बघितलं आणि म्हणाले, "हा मी नाही भो." मी म्हटलं अहो उंची तुमची, वजन तुमचं, कंबरेचा घेर तुमचा. ते काही बोलले नाहीत, सदऱ्याचं बटन काढून उजवा खांदा पुढं केला. मानेच्या बुडाशी, कॉलरच्या हाडाच्या मागं, लिंबाएवढा कडक घट्टा. वीस-बावीस वर्षं केळीचे घड वाहून पडलेला. स्क्रीनवरच्या माणसाचा खांदा मात्र लोणी लावल्यासारखा गुळगुळीत.

तिथून हे प्रकरण खऱ्या अर्थानं सुरू झालं, त्याआधीचे दीड महिने मी फक्त सॉफ्टवेअरशी खेळत होतो असं आता वाटतं.

आधी परिस्थिती सांगतो. आबा रावेर भागातले, केळी कटाईच्या टोळीत वाहणारे. वय ४६, उंची १६२ सेंमी, वजन ५४ किलो. कटाईत एक जण विळ्यानं घड कापतो, दुसरा खाली गुडघे वाकवून उभा राहून तो खांद्यावर झेलतो आणि बागेतून बांधापर्यंत नेतो, तिथं जमिनीवर केळीची पानं अंथरलेली असतात त्यावर अलगद ठेवतो. एका कटाईला शंभरच्या वर घड होतात. पूर्वी बसराई, श्रीमंती या जातींचे घड हलके असायचे म्हणे, आता टिश्यू कल्चरची जी-नाईन ही जात आली आणि घड वीस-पंचवीस किलोच्या घरात गेला, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आनंद आहेच पण घड ज्याच्या खांद्यावर जातो त्याला जीआयनं काय फरक पडतो. आबांची कंबर डावीकडं दुखायची, सकाळी उठताना जास्त. सावद्याकडच्या एक फिजिओथेरपिस्ट ताई त्यांना बघत होत्या. मी जळगावात मेकॅनिकल शिकवतो, बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र हा माझा नाद, ताईंशी जुनी ओळख. त्यांनी सरळ प्रश्न टाकला: घड उजव्या खांद्यावर, दुखतं डावीकडं, तर नक्की कुठल्या क्षणी कंबरेवर सगळ्यात जास्त लोड येतो ते काढून देशील का? चालताना, झेलताना की ठेवताना? कारण तिघांचा उपाय वेगळा.

प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला आबांचं मॉडेल लागणार होतं, कुणाचंही नाही.

आता हे मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात. ओपनसिम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्टॅनफर्डमधल्या लोकांनी २००७ साली आणलं, त्यात हाडं, सांधे, स्नायू असलेला एक तयार माणूस मिळतो. चालण्याच्या अभ्यासाचं त्यातलं जे गाजलेलं मॉडेल आहे त्याचा माणूस १.८ मीटर उंच आणि ७५ किलोचा, स्नायूंच्या ९२ दोऱ्या. पण त्याची कंबर म्हणजे एकच सांधा, आपल्या कामाची नाही, म्हणून २०१२ साली आलेलं कंबरेचे मणके वेगवेगळे असलेलं मॉडेल घेतलं, त्यात पाठ-पोटाच्या स्नायूंचे २३८ पदर आहेत. या तयार माणसाला आपल्या माणसाच्या मापात बसवायचं याला स्केलिंग म्हणतात. शिंपी जसा तयार पॅटर्न घेऊन गिऱ्हाइकाच्या मापानं खडू मारतो तसंच, फक्त इथं कापड कापायच्या आधी हाडांची लांबी, प्रत्येक अवयवाचं वजन आणि त्या वजनाचा मध्य कुठं आहे हे सगळं बदलावं लागतं.

मी पहिल्यांदा काय केलं? आळस. उंची टाकली, वजन टाकलं, १६२ भागिले १८० म्हणजे ०.९, सगळी हाडं एकसारखी दहा टक्के आखूड. आणि वर शहाणपणा म्हणून स्नायूंची ताकदही वजनाच्या प्रमाणात कमी केली. मग घड वाकून ठेवायची हालचाल चालवली तर सॉफ्टवेअरनं सांगितलं की पाठीचे स्नायू पूर्ण ताणून सुद्धा कमी पडतात, म्हणजे हा माणूस २४ किलोचा घड सांभाळूच शकत नाही. जो माणूस आदल्या दिवशी शंभर घड ठेवून आला होता तो. ताईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की पेशंट बघायला लागले. ५४ किलोच्या मजुराची पाठ आणि ५४ किलोच्या खुर्चीवरच्या माणसाची पाठ एक नसते हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही, मला लागला. ताकद पुन्हा मूळ आकड्यावर नेली.

मग खोलात गेलो आणि कळलं की या धंद्यातले आकडे कुठून येतात. मांडी शरीराच्या १०%, धड साधारण निम्मं, हाताचा पंजा ०.६%, हे जे कोष्टक पुस्तकात असतं त्याचं मूळ १९५५ च्या डेम्प्स्टरच्या कामात, ८ मृतदेह कापून तोलले होते त्यानं. नंतर सोव्हिएत रशियात झात्सिओर्स्कीनं शंभर तरुण पुरुष आणि पंधरा बायका गॅमा किरणांनी तपासल्या, १९९६ मध्ये डी लेव्हानं ते आकडे वापरायला सोपे करून दिले. हॅनावननं १९६४ मध्ये माणूस म्हणजे पंधरा भौमितिक ठोकळे असं धरून २५ मापांत काम भागवलं, येडननं १९९० मध्ये ९५ मापं घेतली, आणि हॅट्झे नावाच्या गृहस्थानं १९८० मध्ये २४२ मापं. २४२! आमच्या इकडं एवढी मापं घ्यायला कुणी उभं राहिलं तर मधेच जेवायला जाईल.

यातला कुणीच खानदेशातला केळी वाहणारा नव्हता. आपल्याकडं एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये चक्रवर्तींचं भारतीय मापांचं पुस्तक काढलंय, त्याचा उपयोग होतो, पण ती लांबी-रुंदीची मापं, अवयवाचं वजन त्यात मिळत नाही. तर ठरवलं, जे मोजता येईल ते आबांवरच मोजायचं.

रविवारी ताईंच्या क्लिनिकच्या मागच्या अंगणात मांडलं. शिंप्याचा टेप, सुताराची फूटपट्टी, एक दोन मीटरची जाड फळी, आणि व्यापाऱ्याकडून उसना आणलेला केळीचा काटा. आबा आल्या आल्या म्हणाले, "मले कायले मोजता, घड मोजा ना." त्यावर आम्ही हसलो, आणि ते बरोबर होते हे पुढं कळलं.

फळीचा प्रयोग सांगतो कारण तो मला फार आवडतो आणि कुणालाही घरी करता येतो. फळीचं एक टोक विटेवर, खाली बारीक सळई, दुसरं टोक काट्यावर, तिथंही सळई. दोन सळयांत बरोबर दोन मीटर. नुसत्या फळीचं काट्यावर ९ किलो आलं. मग आबांना झोपवलं, टाचा विटेकडच्या सळईच्या वर, डोकं काट्याकडं, हात अंगाला. काटा ३३.४. त्यातून फळीचे ९ काढले, राहिले २४.४. आता २४.४ गुणिले दोन मीटर भागिले ५४ किलो, आलं ०.९० मीटर. म्हणजे आबांच्या वजनाचा मध्य टाचेपासून ९० सेंमीवर, उंचीच्या जवळपास ५६ टक्क्यांवर. मॉडेलनं एक टक्का वर सांगितलं होतं. फरक थोडा, पण मॉडेलला स्वतःच्या अंगणात पकडल्याचा आनंद वेगळा. मग त्यांना डोक्याखाली दोन्ही हात घ्यायला लावले, काटा पुढं सरकला, त्यावरून हातांचं वजनही ताडता येतं.

पुढं हौस वाढली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवली. पहिल्या वेळी ताईंच्या मुलानं परातीला लाथ मारली, दुसऱ्या वेळी सव्वा लिटर आलं. घनता १.१ च्या आसपास धरली तर जवळपास १.४ किलो, कोष्टकानं २.२% म्हणजे १.२ किलो सांगितलेलं. मजुराचा हात आहे, भरीव असणारच. पण खरं सांगू का, २४ किलोच्या घडापुढं या २०० ग्रॅमनं कंबरेच्या आकड्यात काही म्हणजे काही हललं नाही. अर्धा दिवस गेला, तीन बादल्या पाणी गेलं. मी तरी यातून एवढं शिकलो की आधी मॉडेलमध्ये तो आकडा थोडा वरखाली करून बघायचा, उत्तर हललं तरच तो मोजायला टेप काढायचा.

तेवढ्यात फोटोवरून थ्रीडी शरीर बनवणारं एक फुकट अ‍ॅप पण वापरून बघितलं, तोच तो लोणी लावलेला खांदा. असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे. अशा अ‍ॅपच्या मागं बहुतेक वेळा शरीराचं सांख्यिकी मॉडेल असतं, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध एसएमपीएल, २०१५ मध्ये जर्मनीच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधून आलं. ६८९० बिंदूंची जाळी, आणि माणसाचा आकार नेहमी फक्त दहा आकड्यांत सांगायचा. उंच-बुटका, जाड-बारीक, खांदे रुंद की कंबर रुंद, असं. हे दहा आकडे कुठून शिकले तर अमेरिका-युरोपात स्कॅन केलेल्या जवळपास ३८०० लोकांकडून. त्यांच्यात कुणाच्या मानेच्या बुडाशी घड वाहून घट्टा पडला असेल असं मला वाटत नाही. म्हणून फोटोत घट्टा दिसला तरी त्या दहा आकड्यांत त्याला बसायला जागाच नाही, गणित त्याला फोटोतला कचरा समजतं आणि जवळचा गुळगुळीत खांदा देऊन मोकळं होतं. कपडे शिवायला हरकत नाही. आपल्याला हरकत होती, कारण घड नेमका त्या घट्ट्यावरच टेकतो.

आणि इथं माझी खरी चूक सापडली. मी मॉडेलमध्ये घडाचं वजन खांद्याच्या टोकाच्या हाडावर टाकलं होतं, सरळ होतं म्हणून. ते टोक कण्याच्या मध्यापासून १९ सेंमी. २४ किलोचे २३५ न्यूटन, गुणिले ०.१९, म्हणजे ४५ न्यूटन-मीटरचं ओढणं उजवीकडं. ते सांभाळायला डाव्या बाजूच्या स्नायूंनी ओढायचं, त्यांचा कण्यापासूनचा हात, म्हणजे अंतर, मी ६ सेंमी धरला, तर साडेसातशे न्यूटन. म्हणजे उजव्या खांद्यावर पाण्यानं भरलेली घागर आणि डाव्या कंबरेत तिला धरून ठेवणारी दोरी, दोरी जितकी कण्याजवळ तितकी ताणलेली. दुखणं डावीकडंच, लोड डावीकडंच, आकडा मोठा, मी खुश. ताईंना फोन करून सांगितलं पण, की चालणंच गुन्हेगार आहे, खांदा बदलायला सांगा.

ताईंनी एवढंच विचारलं, घड खरंच तिथं असतो का?

नव्हता. पुढच्या कटाईला बांधावर गेलो, आबांना घड खांद्यावर घेऊन उभं केलं. घडाचा मध्य आधी बांबूच्या काठीवर तोलून शोधला आणि तिथं सुतळी बांधून ठेवली, मागून गवंड्याचा ओळंबा सोडला. ओळंब्यापासून कण्याच्या मधल्या रेषेपर्यंत ११ सेंमी. १९ नाही, ११. घट्टा मानेजवळ, घड घट्ट्यावर, डोकं डावीकडं झुकलेलं आणि वरचं धड हलकेच सरकवलेलं, वीस वर्षांत शरीरानं स्वतःच गणित सोडवलेलं. ११ टाकले की ओढणं २६ वर येतं आणि स्नायू ४३० न्यूटनवर. एका फुटपट्टीच्या मापानं चालण्याचा लोड चाळीस टक्क्यांनी खाली. दीड महिना मी हाडं मिलिमीटरमध्ये बसवत होतो आणि घड आठ सेंमी चुकीच्या जागी लटकवला होता. "घड मोजा ना" म्हणून झालं होतं त्यांचं.

शिवाय खांदा बदलायचा सल्ला पण गेला. डाव्या खांद्यावर घट्टा नाही, तिथं घड ठेवला तर देठ कातडीत रुततो आणि ओळंबा १६ वर जातो. आबा चार पावलं चालले आणि परत उजवीकडं घेतला.

मग उरलं झेलणं आणि ठेवणं. यासाठी हालचाल पकडायची होती. माझ्या लॅबमध्ये आधी वाळूच्या २४ किलोच्या गोणीवर केलं होतं, पण गुळगुळीत फरशीवर अनवाणी माणूस वेगळा चालतो, आणि वाळूच्या गोणीला कुणी जपत नाही, आबांनी शेवटचा वीतभर ती सोडूनच दिली. घड असा सोडता येत नाही, फणीला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो. तेव्हा बागेतच जायचं ठरलं. ओपनकॅप नावाचं एक साधन आहे, तेही स्टॅनफर्डमधून, दोन आयफोननं व्हिडिओ घेतला की अंगावर काही न चिकटवता सांध्यांची हालचाल काढून देतं, अट एवढीच की दोन्ही फोनना माणूस नीट दिसला पाहिजे. केळीच्या बागेत! पाच फुटांवर पुढचं झाड, पानं डोळ्यात जातात, हिरव्यात हिरवं. बागेचा नाद सोडून बांधावर आलो, चौकटींचा कॅलिब्रेशनचा कागद ट्रॅक्टरच्या चाकाला टेकवून उभा केला, मे महिन्याची दुपार, एक फोन गरम होऊन बंद पडला तो ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड केला. सकाळी सहाला जायला हवं होतं, गेलो अकराला, ही पण चूक माझीच. रेंजसाठी व्हिडिओ सावद्याला येऊन अपलोड केले.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, असल्या साधनाला शरीर दिसतं, घड म्हणजे २४ किलो हे त्याला माहीत नसतं. ते वजन, त्याची जागा, ते कुठल्या क्षणी हातातून सुटतं, हे आपल्याला मॉडेलमध्ये घालावं लागतं. मी ते फ्रेम बघून बघून घातलं.

जे दिसलं ते असं. झेलताना आबा फार हुशार आहेत, गुडघे आधीच वाकवतात, घड येतो तसे खाली जातात, धक्का जवळपास पिऊन टाकतात. पण ठेवताना, घड खांद्यावरून दोन्ही हातांवर येतो, गुडघे फारसे वाकत नाहीत कारण फण्या नडग्यांना घासतील, आणि पानांचा बिछाना पुढं असतो म्हणून घड अंगापासून लांब जातो. लॅबमध्ये गोणी कंबरेच्या सांध्यापासून ४० सेंमीवर होती, बांधावर घड ५०. हातानं हिशेब मांडला: घडाचे २३५ गुणिले ०.५ म्हणजे ११८, वरच्या धडाचे साधारण २९० न्यूटन पाव मीटरवर म्हणजे ७२, एकूण १९०. पाठीच्या स्नायूंचा हात साडेपाच सेंमी, म्हणजे ३४५० न्यूटन, वर वजनांचा दाब तीनेकशे. पावणेचार हजारांच्या आसपास. सॉफ्टवेअरनं थोडं जास्त सांगितलं, ३९००. लॅबच्या ४० सेंमीला हाच हिशेब ३३०० येतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीवरच्या दाबाची सल्ल्याची मर्यादा ३४०० न्यूटन आहे, म्हणजे लॅबमधले आबा मर्यादेच्या आत आणि बांधावरचे आबा बाहेर, माणूस तोच, वजन तेच. ३४०० ओलांडलं की कंबर मोडते असा त्याचा अर्थ नाही, पण दिवसाला शंभर वेळा ओलांडणं वेगळं.

आकडा विश्वासाचा आहे का, हा ताईंचा पुढचा प्रश्न. जिवंत माणसाच्या चकतीत दाब मोजल्याचं काम आहे, विल्केचं, १९९९, एकाच माणसाच्या कंबरेत सुई-सेन्सर बसवला होता. उभं राहिलं की ०.५ मेगापास्कल, २० किलो पाठ वाकवून उचलले की २.३, गुडघे वाकवून १.७. उभ्यापेक्षा वाकून उचलताना चौपट-पाचपट. मी आबांचं नुसतं उभं राहणं आणि ठेवणं यांचं गुणोत्तर काढलं, ते यापेक्षा जास्त आलं, पण घड जड आणि लांब, त्यामुळं दिशा पटते. नेमका न्यूटन मी शपथेवर सांगणार नाही. दोन हालचालींतला फरक मात्र सांगेन. आणि ताईंनी तिथंच बजावलं की मॉडेल लोड मोजतं, दुखणं नाही मोजत, सकाळी का दुखतं ते तुझ्या फाइलमध्ये नाही.

तर उपाय निघाला तो अगदीच साधा: घड जमिनीवर ठेवायचाच नाही. दोन प्लॅस्टिकचे क्रेट उलटे एकावर एक, वर गोणपाट, त्यावर पानं, उंची साठ-बासष्ट सेंमी. मॉडेलमध्ये चालवलं तर धड जवळपास उभं राहतं, घड ३५ सेंमीवर येतो, दाब अडीच हजारांच्या आसपास. मुकादम कुरकुरला, क्रेट परत कोण हलवणार, घड मोजायचे राहतील, टोळीचा वेळ जाईल. एका कटाईला घड्याळ लावून बघितलं, वेळ गेला नाही, उलट ट्रकवाल्याला खालून उचलावं लागत नाही म्हणून तोच क्रेट मागायला लागला. दीड महिन्यानं ताईंनी आबांना तपासलं, घड ठेवताना येणारी कळ कमी, सकाळचा ताठरपणा आहे तसाच. व्यायाम चालू आहेत.

मॉडेलमध्ये आता मी हातानं घट्टा बसवलाय, तीन सेंमी, उजवीकडंच. पुढच्या वेळी आबांना दाखवला तर त्यांनी बोट लावून बघितलं आणि थोडा मागं घ्या म्हणाले.

सध्या नवीन अडचण आहे. टोळीत एक पोरगा १७५ सेंमीचा आहे, त्याला दोन क्रेट कमी पडतात आणि तीन जास्त होतात. त्याचं मॉडेल अजून केलेलं नाही, फळी आणि काटा घेऊन जायचंय. तोपर्यंत आबांनी त्याच्या क्रेटखाली चार विटा लावून दिल्यात.